विजयदुर्गाचे ‘साहेबाचे ओटे’, हेलियम आणि सूर्यग्रहणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे खरे का?

ज्या रूपात ही गोष्ट सांगितली जाते, त्या रूपात खरी नाही. सांगतात ते असे : १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते, नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने विजयदुर्गावर दुर्बीण लावली, सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, त्याला एक अनोळखी पिवळी रेघ दिसली आणि हेलियम सापडला. किल्ल्यावर त्या दुर्बिणीचे ओटे आजही दाखवतात. त्यांना ‘साहेबाचे ओटे’च म्हणतात. १८ ऑगस्टला तिथे जागतिक हेलियम दिवसही साजरा होतो.

अडचण एवढीच, की त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता. ब्रिटिश सरकारच्या युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात आकाश पाहणारा हा माणूस. त्याने मागवलेला नवा वर्णपटदर्शक वेळेत तयार झाला नाही आणि हाती आला तो ऑक्टोबरात. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, भर उजेडात त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यात ती पिवळी रेघ त्याला दिसली.

मग लॉकियर विजयदुर्गावर कधी आलाच नाही?

आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने विजयदुर्ग निवडला. सोबत ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी होते. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे होत आली होती. आपल्याकडे ही दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली आणि १८९८ चा साहेब १८६८ मध्ये जाऊन बसला. मिसळण सहज होण्यासारखी होती, कारण १८६८ च्या खग्रास पट्ट्यातही कोकणाचा हाच भाग येत होता.

किनाऱ्यावरचे किल्ले लॉकियरला मानवत असावेत. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला तो केरळातल्या बेकल किल्ल्यावर होता.

ओटे खोटे म्हणायचे का मग?

ओटे का खोटे असतील? जड यंत्रे हलू नयेत म्हणून त्यांच्याखाली पक्का चौथरा लागतोच, आणि १८९८ ची विजयदुर्गाची मोहीम ही नोंद असलेली घटना आहे. ते ओटे १८९८ चे मानणे मला सयुक्तिक वाटते. त्यांच्यासमोर उभे राहून १८६८ ची गोष्ट सांगितली, की ज्यांनी त्या दिवशी खरोखर भारतात उभे राहून पाहिले त्यांची नावे पुसली जातात. माझी तक्रार एवढीच आहे.

१८६८ ला खरोखर कोण कुठे होते?

पट्टा विजापूर–जमखंडीवरून आंध्र किनाऱ्याकडे गेला होता. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आणि ब्रिटिश मेजर टेनंट, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा पॉग्सन, विजापूरला कॅप्टन हेग. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ऐन वेळी ढगांनी त्याला छळले, तरी त्याने तीन चकचकीत रेघा टिपल्या : तांबडी, नारिंगी, निळी. नारिंगी रेघ (हीच ती पिवळी रेघ) सोडियमची असावी, असा त्याचा अंदाज. इतरांनाही तसेच वाटले. म्हणजे हेलियमचा प्रकाश त्या सकाळी बऱ्याच जणांनी पाहिला, पण ओळखला कोणीच नाही.

जान्सेनची चाल वेगळी पडली. रेघा इतक्या ठळक आहेत, तर ग्रहण सुटल्यावरही त्या दिसायला हव्यात, असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने लख्ख सूर्यावर यंत्र रोखले आणि त्या दिसल्या. तोवर सूर्याच्या ज्वाळा पाहायच्या तर खग्रासाची काही मिनिटेच हाती असत. आता रोज पाहता येऊ लागल्या. त्याचे पत्र भारतातून निघून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचले तेव्हा त्याच बैठकीत लॉकियरच्या शोधाचेही पत्र आलेले होते. श्रेयाची वाटणी दोघांत झाली आणि पुढे फ्रान्सने दोघांच्याही मुद्रा असलेले पदक काढले.

हा जान्सेन मोठा हट्टी. १८७० मध्ये प्रशियन फौजांनी पॅरिसला वेढा घातला असताना तो ग्रहण गाठायला बलूनमधून शहराबाहेर पडला आणि अल्जीरियात पोचला. तिथे ढग!

याच १८६८ च्या ग्रहणाने एक राजाही नेला. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट स्वतः गणित करणारा. ग्रहण कुठे आणि केव्हा दिसेल हे त्याने स्वतः काढले आणि परदेशी पाहुण्यांसह दलदलीच्या जागी जाऊन पाहिले. गणित बरोबर ठरले, पण तिथे हिवतापाने गाठले आणि १ ऑक्टोबरला तो वारला.

ती पिवळी रेघ सोडियमची नाही, हे कसे ठरले?

जागेवरून. तापलेला वायू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांचा संच निराळा असतो. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात. सूर्यावरची रेघ ५८७.६ च्या आसपास. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही. ग्रहणाच्या घाईत, साध्या यंत्रातून, तो लक्षात न येणे स्वाभाविक होते. लॉकियरकडे घाई नव्हती. त्याने सावकाश मोजले आणि रेघ सोडियमच्या जागी बसत नाही हे त्याला दिसले.

मग रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजनवर निरनिराळे दाब देऊन ती रेघ उमटते का ते पाहिले. उमटली नाही. पृथ्वीवरच्या कशाशीच जुळेना, तेव्हा ग्रीक सूर्यदेव हेलिओसवरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हणू लागले. बरीच वर्षे अनेक रसायनतज्ज्ञांनी ते मनावर घेतले नाही. ज्याची बाटली भरून दाखवता येत नाही, असले मूलद्रव्य कोण मानणार?

बाटली भरली १८९५ मध्ये. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ विल्यम रॅम्से आरगॉन वायूच्या मागे होता. क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घातले की एक वायू निघतो, हे त्याला कळले होते. अमेरिकेतल्या हिलब्रँडने तो आधीच काढला होता, पण नायट्रोजन समजून सोडून दिला. रॅम्सेने वर्णपट पाहिला आणि पिवळी रेघ सोडियमच्या शेजारी, किंचित बाजूला उमटलेली दिसली. विल्यम क्रूक्सने मोजून खात्री केली. सूर्यावर सापडल्यापासून सत्तावीस वर्षांनी हेलियम पृथ्वीवर सापडला. स्वीडनमध्ये क्लीव्ह आणि लँगले यांनीही त्याच वर्षी तो स्वतंत्रपणे वेगळा केला.

ग्रहणातून असे आणखी काही मूलद्रव्य सापडले का?

सापडले असे सत्तर वर्षे वाटत होते. १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे खग्रासात दिसणाऱ्या मोतिया झळाळीत, एक हिरवी रेघ दिसली. तीही कशाशी जुळेना. हेलियमच्या वाटेने जाऊन तिलाही ‘कोरोनियम’ असे नाव देऊन मोकळे झाले. आवर्त सारणी भरत गेली, तिच्यात रिकामी घरे उरली नाहीत, तरी कोरोनियम काही सापडेना.

१९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून उलगडा झाला. ते लोखंड होते. मात्र असे लोखंड, की त्याच्या अणूतून तेरा इलेक्ट्रॉन निखळलेले. एवढे इलेक्ट्रॉन निखळायला दहा लाख अंशांच्या घरात तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार सेल्सिअसचा आणि त्याच्या बाहेरचे विरळ आवरण त्याहून शेकडो पट तापलेले! ते इतके का तापते, याचा पुरता उलगडा आजही झालेला नाही. आदित्य-एल१ यानावरचा प्रभामंडल पाहणारा दर्शक याच प्रश्नामागे आहे.

या हिरव्या रेघेची तरंगलांबी आधी चुकीची धरली जात होती. १८९८ साली भारतात टिपलेल्या वर्णपटांवरून ती दुरुस्त झाली. विजयदुर्गाच्या ग्रहणाला मान द्यायचाच, तर तो या गोष्टीसाठी द्यावा.

१८९८ च्या ग्रहणाला महाराष्ट्रात आणखी कोण होते?

नुसती जत्रा होती. पट्टा विजयदुर्गापासून ईशान्येकडे सह्याद्री ओलांडून सोलापूर, मराठवाडा, विदर्भ असा गेला आणि रेल्वे होतीच. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला कावसजी दादाभाई नेगमवाला यांचा तळ होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले हे पारशी प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडईकनालला गेले. पुण्याला या माणसाची आठवण फारशी नाही. विजयदुर्गावर न घडलेल्या शोधाचे उत्सव होत असताना जेऊरला घडलेल्या कामाचा उल्लेखही होऊ नये, हे काही बरे नाही.

जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेल होता. विदर्भात पुलगावला केंब्रिजचा न्यूऑल, तर तळणीला ब्रिटिश हौशी खगोलमंडळाबरोबर ॲनी माउंडर. लग्न झाले म्हणून ग्रिनिचची नोकरी सोडावी लागलेल्या या बाईने स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा इतका लांबवर गेलेला किरण टिपला, की तेवढा तोवर कोणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. बिहारात बक्सरला नेव्हिल मॅस्केलाइन या जादूगाराने ग्रहणाचे चलच्चित्र घेतले. परतीच्या प्रवासात ती फीत चोरीला गेली.

हे सगळे मुंबई इलाख्यात प्लेग चालू असताना. आणि खग्रास अवघे दोन मिनिटांच्या आसपास. त्यासाठी आठवडेच्या आठवडे तालीम चाले. एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, एकाने काचेच्या पट्ट्या बदलायच्या, एकाने झाकण उघडायचे–लावायचे. चित्र काढणाऱ्याचे डोळे आधीपासून बांधून ठेवत, म्हणजे अंधार पडताच मंद झळाळी दिसावी. लॉकियर या कामाला खलाशी का घेत असे ते यावरून कळते. हुकूम झाला की हात चालवायचा, वर बघत राहायचे नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली.

राहू–केतूची कथा काय आहे? तिचा महाराष्ट्राशी संबंध सांगतात तो कोणता?

समुद्रमंथनातून अमृत निघाले, विष्णू मोहिनीरूपाने ते देवांना वाढू लागला. एक असुर वेष पालटून पंगतीत बसला. सूर्य–चंद्रांनी चहाडी केली, सुदर्शनाने त्याचे शिर उडाले. पण घोट घशाखाली गेला होता, म्हणून शिर राहू आणि धड केतू होऊन जिवंत राहिले आणि अधूनमधून सूर्य–चंद्राला गिळून सूड घेतात. गळाच नाही, त्यामुळे गिळलेले बाहेर पडते!

अमृताची ती पंगत नेवाशाला बसली, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. तिथे मोहिनीराजाचे मंदिर आहे. शिर पडले ते राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असे त्या भागात सांगतात.

ऋग्वेदात मात्र हे मंथन वगैरे काही नाही. पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने भेदतो आणि अत्री ऋषी सूर्याला शोधून काढतात.

म्हणजे आपल्या पूर्वजांना खरे कारण ठाऊक नव्हते?

ज्योतिष्यांना पक्के ठाऊक होते. आर्यभटाने सात शब्दांत विषय संपवला : ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला. पुढे वराहमिहिराने बृहत्संहितेत राहूवाल्यांची चांगली उलटतपासणी घेतली. गिळणारा एकच असेल, तर चंद्रग्रहण एका बाजूने आणि सूर्यग्रहण दुसऱ्या बाजूने का लागते, या निरीक्षणाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

राहू टिकला तो गणितात. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. अमावास्येला सूर्य या बिंदूंजवळ असेल तरच ग्रहण लागते. दर अमावास्येला का लागत नाही, याचे उत्तरही हेच. पंचांगकर्ते स्पर्श, मध्य, मोक्ष याच गणिताने काढतात. त्याच पानावर दानाचे पुण्यही देतात, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही.

‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ : ते ग्रहण होते का?

महाभारतात तसे म्हटलेले नाही. कृष्णाने मायेने अंधार केला, असे प्रचलित पाठात आहे. त्यावरून खग्रास ग्रहण गृहीत धरून युद्धाची तारीख काढणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची तारीख वेगळी येते. एवढे सांगून पुरे.

तेच ग्रहण पुन्हा येते म्हणतात, ते कसे?

१८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि छेदबिंदू जवळजवळ तशाच स्थितीत येतात. बाबिलोनच्या लोकांनी हे चक्र नोंदींवरून हेरले होते. याला सॅरोस चक्र म्हणतात. त्या जास्तीच्या आठ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते, म्हणून पट्टा दर वेळी पश्चिमेला सरकतो.

या धाग्याने पाहिले की मौज वाटते. विजयदुर्गाचे १८९८ चे ग्रहण सात फेऱ्यांनी ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत दिसले. तिकडे गेलेल्या आणि डॅलसला गाड्या काढून गर्दी करणाऱ्या मराठी मंडळींनी पाहिले ते हेच. हेलियमचे १८६८ चे ग्रहण तीन फेऱ्यांनी २१ सप्टेंबर १९२२ ला ऑस्ट्रेलियातल्या वॉलालला आले. तिथे दुर्बीण लावून बसला होता तो जेऊरचा कँपबेल!

वॉलालला तो काय पाहत होता?

आइन्स्टाइन बरोबर की चूक. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळेल, असे सापेक्षता सिद्धांताचे भाकीत होते. न्यूटनच्या हिशेबाने याच्या निम्मे. सूर्याजवळचे तारे खग्रासातच दिसतात. २९ मे १९१९ ला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरा चमू ब्राझीलच्या सोब्रालला गेला. प्रिन्सिपेवर ढगांतून छायाचित्रांच्या मोजक्याच काचा कामी आल्या, आकडा १.६१ चा निघाला, सोब्रालच्या चांगल्या काचांवरून १.९८. नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन जगभर पोचला. शंका मात्र राहिल्या. त्या मिटवल्या वॉलालच्या भरपूर ताऱ्यांच्या काचांनी.

१९१९ च्या ग्रहणाचा पाचवा फेरा २२ जुलै २००९ ला सुरत–इंदूर–पाटण्यावरून गेला. ऐन पावसाळा. बहुतेकांनी ढगच पाहिले.

वेध, गरोदर बाई, दर्भ–तुळस : यात तथ्य किती?

ग्रहणात सूर्यातून वेगळे असे काही बाहेर पडत नाही. चंद्र मध्ये येतो आणि ऊन कमी होते, बस. अन्न नासत नाही, भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. गर्भारशीला तासन्‌तास उपाशी, न हलता बसवणे हा मात्र खरा त्रास आहे. दुभंगलेल्या ओठाचे खापर आईच्या माथी फोडणे तर त्याहून वाईट.

‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी आता क्वचितच ऐकू येते. गावगाड्यात हे दान मागायला येणारे बहुधा मांग समाजातले असत. देणाऱ्याच्या पदरी पुण्य, मागणाऱ्याच्या पदरी जुनी लुगडी आणि मूठभर धान्य. ती प्रथा गेली याची हळहळ वाटायचे कारण नाही.

ग्रहण कशातून पाहावे?

आयएसओ १२३१२-२ मानकाचा चष्मा, ओरखडे नसलेला. क्ष-किरणाची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल, पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काही चालत नाही. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. चष्मा नसेल तर स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा. खालच्या सावलीत प्रत्येक भोकाची एक चंद्रकोर पडते.

आता पुढचे कधी?

२ ऑगस्ट २०२७. हा १९१९ चा सहावा फेरा. इजिप्तमधल्या लक्झरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे पश्चिम भारतात उतरत्या दुपारी खंडग्रास, तेही पावसाने उघडीप दिली तर. २१ मे २०३१ ला केरळ–तमिळनाडूत कंकणाकृती. भारतातून खग्रास पाहायचे तर २० मार्च २०३४ ला लडाखकडे जावे लागेल.